देवीनं न मागितलेला मुलगा

आईनं मला देवीकडे न्यायचं ठरवलं तेव्हा मी काही लहान नव्हतो. कोरेगावच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथल्या माझ्या बरोबरीच्या गड्यांची पोरं दहावीच्या क्लासला जायला लागली होती. मी सांगलीत ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत नोकरीला होतो, राहायला मिरजेत होतो, आणि सुट्टीला गावी गेलो की रात्र काढून सकाळी परत पळत होतो. घरात बसवायचंच नाही. उसाला पाणी देऊन यावं, पुलावर जाऊन यावं, काहीतरी आणायला पेठेत जावं, असं करत दिवस ढकलायचो. बसलो की विषय निघायचा.

त्या रविवारी निघालाच. आबा पाण्याच्या पाळीवर गेले होते. आई सोप्यात तांदूळ निवडत होती.

"रहिमतपूरकडची एक पोरगी हाय," ती म्हणाली. "शिकलीया. भाऊ मिलिटरीत हाय तिचा."

"आई, मला पोरगी नको."

"आवं बघून तरी घ्याल का न्हाई?" ती माझ्यावर वैतागली की मला अहोजाहो करायची.

"ही नको असं नाही. कुठलीच नको. मला बाई नको, आई. एकजण आहे. माझ्याबरोबर राहतो तो. पुरुष आहे."

मी हे इतक्या वेळा मनात म्हणून बघितलं होतं, की तोंडातून बाहेर पडल्यावर ते दुसऱ्याच कुणीतरी म्हटल्यासारखं वाटलं. आईचा हात ताटात फिरत राहिला. एक खडा काढून तिनं उंबऱ्याबाहेर टाकला.

"त्यो दवाखान्यातला? रक्त तपासतो त्यो?"

"हो."

तिनं आणखी एक मूठ तांदूळ पुढं ओढले. मग म्हणाली, "माझ्या मामावानी हाय म्हण की."

आईला मामा होता हे मला त्या दिवशी कळलं.

आईचं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. तिथल्या माणसांच्या मराठीत निम्मं कानडी असतं आणि घरात यल्लम्मा असते. आमच्या घरात ती नाही. आईनं लग्नानंतर तिला बरोबर आणली नाही, फक्त मंगळवारी पिठाचा दिवा लावून कोपऱ्यात ठेवते, आणि आबा तिकडे बघत नाहीत. आईच्या आजीनं तिच्या धाकट्या मुलाला देवीला सोडलं होतं. तो अठरा-वीस वर्षांचा असेल. मुलगा लग्नाला तयार नव्हता, केसांत जट निघाली, म्हणजे देवीनं मागितलं. गळ्यात मोत्यांची माळ घातली, साडी नेसवली, डोक्यावर परडी दिली. तो जोगता झाला. घरातल्या कुणी त्यानंतर त्याला नावानं हाक मारली नाही. आई लहान असताना तो मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागत यायचा, आणि तिच्या वेण्या घालायचा.

"लय घट्ट घालायचा," आई म्हणाली. "आठवडाभर सुटायची न्हाई."

"मग तो पुढं कुठं गेला?"

"गेला म्हंजी मेला. तवा तू बालवाडीत असशील. मला जाऊ दिलं न्हाई तुझ्या आबानं."

तिनं ताट बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं. तिथं सुटकेसारखं काहीतरी होतं. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितल्यावर माणसाला होतं तसं.

"देवीचंच असंल हे," ती म्हणाली. "मी तिला हितं आणली न्हाई, म्हणून तिनं तुला धरलंय. आपण विचारून येऊ."

मी चिडलो. बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारली आणि विनाकारण पुसेगावच्या रस्त्यानं लांबवर जाऊन आलो. देवीनं धरलंय म्हणे. मला माझ्या माणसानं धरलं होतं, आणि मी त्याला. यात तिसऱ्या कुणाची गरज नव्हती.

पण जाताना सारखी एक सकाळ आठवत होती. ज्या दिवशी कोर्टानं निकाल दिला, की दोन पुरुषांचं एकत्र येणं हा आता गुन्हा नाही, त्या दिवशी मी जतकडेच एका डाळिंबाच्या बागेत नळ्या अंथरायच्या कामावर होतो. बागवाल्यानं मोबाईलवर बातमी वाचली आणि हसत हसत मजुरांना सांगितली. त्याला काय काय म्हणायचं होतं ते तो म्हणाला, ते मी इथं लिहीत नाही. मी खाली वाकून व्हॉल्व्ह घट्ट करत राहिलो, घट्ट होता तरी. तेवढ्यात वस्तीवर एक जोगता आला. हिरवी साडी, कपाळभर हळद, हनुवटीवर दाढीची निळी सावली. बागवाल्यानं मोबाईल खिशात घातला, चपला काढल्या आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं. बागवाल्याच्या बायकोनं परडीत तेल-मीठ घातलं. "आई उदं गं," सगळे म्हणाले. मजूरही म्हणाले. मीच तेवढा उभा राहिलो, हातात पाना घेऊन. एकाच माणसाच्या डोक्यात हे दोन्ही शेजारी शेजारी कसं राहतं, याचा मी पुढं कित्येक दिवस विचार करत होतो.

मिरजेला आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याला म्हणजे माझ्या माणसाला. तो वडूजच्या पलीकडच्या कोरड्या भागातला. घरची मेंढरं, आता थोडी ज्वारी-बाजरीही. शिकून दवाखान्याच्या लॅबमध्ये लागला. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला भंडारा लावल्याशिवाय तो चहा पीत नाही, आणि ड्यूटीवर जाताना रुमालानं पुसून टाकतो. आमच्या फ्रिजवर त्याच्या बिरोबाचा फोटो आहे. सुरुवातीला मला त्या फोटोचा त्रास व्हायचा. मी देवबिव मानत नव्हतो, आणि त्यातही माझं असं म्हणणं होतं, की जो आपल्याला मानत नाही त्याला आपण कशाला मानायचं.

"जाऊन ये आईबरोबर," तो म्हणाला.

"आणि काय विचारू? मला देवी लागली का?"

"आईला विचारायचंय. तुला नुसतं जायचंय."

"तुझ्या बिरोबाला तरी ठाऊक आहे का आपलं?" मी कुचकटपणे म्हटलं.

तो कुकरची शिटी काढत होता. वळलाही नाही. "त्याला सगळ्यांत आदी सांगितलं मी. बारका हुतो, मेंढरं घिऊन दिवसभर रानात असायचो. तितं दुसरं कोण हुतं सांगायला?"

त्याच्याशी भांडताना माझी नेहमी हीच पंचाईत होते.

आई एसटीनं सांगलीला आली. आबांना तिनं माहेरी लग्न आहे असं सांगितलं होतं. पिशवीत हिरवं लुगडं, खण, नारळ, तेलाची बाटली. तिथून मी कंपनीच्या जीपमधून तिला जतच्या पुढं नेलं. वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, आणि ओळखीची गावं आली की त्यांची नावं नुसती पुटपुटत होती. मला मात्र उलटं फिरावंसं वाटत होतं. दोनदा मी डिझेलचं निमित्त करून गाडी थांबवली.

ज्यांच्याकडे जायचं होतं त्या मामाच्या चेल्या. मामा गेल्यावर त्याची परडी त्यांच्याकडे आली. गाव त्यांना अक्का म्हणतं. जन्मानं पुरुष, पण मी त्यांना दुसऱ्या कुठल्या शब्दानं हाक मारू शकलो नसतो. पत्र्याचं घर, दारात कडुनिंब, आत देवीचा चौरंग, आणि शेजारी टीव्हीवर मालिका चालू. अक्का पाय पसरून लसूण सोलत बसल्या होत्या. साठीच्या पुढं वय, हातभर हिरव्या बांगड्या, आवाज खर्जातला. आईनं ओळख सांगितली तशी त्यांनी हातातलं टाकलं आणि आईच्या गालावरून बोटं मोडली.

"वेणीवाली पोरगी का गं तू? मामा लय सांगायचा."

आई तिथंच रडायला लागली. मी दारात उभाच. अक्कांनी मला विचारलं, काय करतोस. मी म्हटलं, ठिबकचं काम करतो. "बरं झालं की," त्या म्हणाल्या, "मागच्या लिंबूणीला पाणी पोचत न्हाई, तेवढं बघ जाताना." मग टीव्हीचा आवाज बंद केला आणि आईला म्हणाल्या, "बोल."

आईनं सगळं सांगितलं. तिच्या तोंडून ऐकताना ती माझी गोष्ट वाटत नव्हती. लग्नाला नको म्हणतोय, एका पुरुषाबरोबर राहतोय, घरात टिकत नाही, डोळा लागत नाही त्याचा, देवीचं काही राहिलं असंल तर सांगा. अक्का मान हलवत ऐकत होत्या. मग आईला गप्प करून त्यांनी मला समोर बसवलं.

"साडी नेसावी वाटती का तुला?"

"नाही."

"बारका हुतास तवा? आईचा पदर, बांगड्या, काय?"

"कधीच नाही."

"बाई हाय मी, असं वाटतंय आत?"

"नाही. मी पुरुषच आहे. मला पुरुष आवडतो एवढंच. आणि आता एकच आवडतो."

अक्का हसल्या. त्यांच्या हसण्यात थट्टा नव्हती. "मग हिकडं कशाला आलायस रं?" त्या आईकडे वळल्या. "देवीनं ह्याला मागितलेलं न्हाई. घिऊन जा तुझं पोरगं."

आई ऐकायला तयार नव्हती. "नीट बघा की अक्का. कवड्या टाका. मी काय सोडायला न्हाई आली त्याला. सोडायला बंदी हाय आता, मला म्हाईत हाय. नुसतं सांगा की हे तिचं हाय म्हणून. मामाचं बी असंच हुतं. जट आपोआप आली हुती त्याला. मी सवता बघितलीया."

"जट आपोआप आली न्हवती," अक्का म्हणाल्या.

खोलीत टीव्हीची चित्रं नुसती हलत होती. अक्कांनी लसणाचं सूप पायानं बाजूला सारलं.

"तुज्या आजीनं त्याला केस इंचरू दिलं न्हाईत. वर वडाचा चीक लावला. मला मामानंच सांगितलं, लय वर्सांनी. त्याचा एक गडी हुता गावात, तालमीतला. त्यांना लोकांनी बघितलं. मग घरानं काय करायचं? मारायचं का सोडायचं? देवीला सोडला तर लोक पाया पडत्यात. आजीनं त्याला वाचवला म्हण की. वाचवायची तिला तेवढीच रीत ठावं हुती."

"पण तो साडी..." आई म्हणाली.

"साडी मला पायजे हुती. त्याला नको हुती. मी घरातनं पळून आले साडीसाठी. त्यो मंगळवार-शुक्रवार नेसायचा आन घरी आला की पयलं सोडून लुंगी गुंडाळायचा. आमी दोघं एकाच परडीखाली, पन त्यो येगळा आन मी येगळी. भाईरच्या माणसाला एकच दिसतंय."

मला तेव्हा काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. मी त्या न बघितलेल्या माणसाचाच विचार करत होतो. त्यानं सगळं आयुष्य नको असलेल्या कपड्यांत काढलं आणि लोकांनी त्याच्या पायावर डोकी ठेवली.

"म्हणजे सगळं खोटंच की," मी म्हणालो.

अक्का ताडकन माझ्यावर आल्या. "खोटं कोण म्हनलं? माझा बाप मला दारात हुबं करत न्हवता, त्यो ह्या परडीच्या पाया पडला. रानात, बाजारात, यस्टीत कुणाची टाप न्हाई मला हात लावायची. देवीनं मला मागितलं का न्हाई मला ठावं न्हाई, पन मी तिला मागितलं आन तिनं घेतलं. आन तुझ्या आईचा मामा. त्यानं आदी लय शिव्या दिल्या तिला. शेवटी शेवटी तिच्याशीच बोलायचा. रुसायचा, हसायचा. आदी त्याची न्हवती, मग झाली. तू शिकलायस म्हणून लगी खोटं म्हनू नगंस."

आईनं लुगडं-खण देवीपुढं ठेवलं. अक्कांनी तिची ओटी भरली. माझ्या कपाळाला मात्र त्यांनी काही लावलं नाही. विचारलं, "लावू?" मी हो म्हणावं की नाही हे ठरवेपर्यंत त्या उठून आत गेल्या होत्या.

परसात जाऊन मी लिंबूणीची नळी बघितली. क्षार साचून तोटी बुजली होती. ती साफ करताना आतून आईचा आणि अक्कांचा कानडीत बोलण्याचा आवाज येत होता. आईला इतकं भरभर कानडी बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर ती कवठेमहांकाळपर्यंत पिशवीच्या बंदाला गाठी मारत आणि सोडत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, मामाला आवडतंय ते सगळं. वेण्या घालताना गाणं म्हणायचा की."

"वेण्या घालायला आवडत असेल."

"व्हय. तेवढं आवडत असंल." थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली, आणि त्यात राग होता. कुणावर ते कळलं नाही. "देवीचं असतं तर मला सांगता तरी आलं असतं. आता मी लोकांना काय सांगू?"

गाडी मी जरा जास्तच जोरात चालवत होतो.

आबांना तिनं माझ्याबद्दल सांगितलं ते मला नंतर कळलं. आबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. थोरला भाऊही फौजेतच आहे. त्याला लेह की कुठंतरी पोस्टिंग मिळाल्यावर घरात सत्यनारायण घातला होता, त्याला तो आणि वहिनी जोडीनं बसले, आणि मी चौरंगाला केळीचे खुंट बांधले. आमच्या घरात देवाच्या कामात माझी जागा ही अशी, खुंट बांधायची. पूजेला जोडी लागते. आबांनी यावर कधी टोमणा मारला नाही, पण आई बोलल्यानंतरच्या खेपेला ते मला बांधावर घेऊन गेले. ऊस तुटून गेला होता, पाचट पडलेलं होतं.

"युनिटात एक पोरगं हुतं," ते म्हणाले. "तुज्यासारखं. निशाणा लय चांगला त्याचा. सगळी हसायची त्याला."

"तुम्ही?"

"मी बी हसायचो." त्यांनी पायानं पाचट उलटं केलं. "सुट्टीवर गेला त्यो परत आलाच न्हाई."

घराकडे वळताना ते एवढंच म्हणाले, "मिरजंत काय करायचं ते कर. गावात नको."

पुढं कोर्टाचा आणखी एक निकाल आला, लग्नाबद्दलचा. दोन पुरुषांना लग्न लावता येणार नाही असा. आईनं तो टीव्हीवर ऐकला आणि मला फोन केला. मी साइटवर होतो. बोअरची मोटर चालू असल्यानं मला नीट ऐकू येईना. ती ओरडून बोलत होती.

"देवीनं बी न्हाई म्हटलं, कोर्टानं बी न्हाई म्हटलं. मग तुला घेणार कोण रं?"

"तू घे की," मी ओरडलो. मोटर बंद केल्यावर बघितलं तर फोन कट झाला होता. तिला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही.

दिवाळीनंतर ती मिरजेला आली, पहिल्यांदाच. मी तिला घ्यायला सांगलीच्या स्टँडवर गेलो तर म्हणाली, आधी पेठेत चल. कापडाच्या दुकानात गेल्यावर दुकानदारानं विचारलं, काय दाखवू? आई उभी राहिली. लेक-सुनेसाठी असेल तर खण, जावयासाठी असेल तर टॉवेल-टोपी. दुकानदारानं दोन्ही काढून समोर ठेवलं. ती एकदा या गठ्ठ्यावर हात ठेवी, एकदा त्या.

"कुणाला द्यायचंय मावशी?" त्यानं विचारलं.

"एकाला," ती म्हणाली. पुन्हा थांबली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याला शर्टाला किती मीटर लागतं?"

आम्ही शर्टाचं कापड घेतलं. बाहेर आल्यावर ती परत आत गेली आणि टॉवेल-टोपीही घेऊन आली. म्हणाली, असू दे.

घरी त्यानं झुणका-भाकरी केली होती. आईनं त्याला निरखून बघितलं, आणि त्याच्या कपाळावरचा भंडाराही बघितला. त्या दिवशी त्यानं पुसला नव्हता. जेवताना दोघं मेंढरांबद्दल बोलत होते. आई म्हणाली, आमच्या रानात दरसाल मेंढरं बसवतात, खत चांगलं होतं. तो म्हणाला, आमच्याच लोकांची असतील, तिकडंच येतात ती मेंढरांची खांडं. मला वाटत होतं, आता ती काहीतरी विचारेल, आता तो काहीतरी बोलून बसेल. दोघंही निवांत जेवत होते आणि मीच सारखा पाणी आणायला उठत होतो.

जाताना तिनं कापड आणि टॉवेल-टोपी त्याच्या हातात दिलं. तो पाया पडला. "काय म्हणू मी तुमाला?" त्यानं विचारलं.

"ह्यो काय म्हणतो? आईच म्हण," ती म्हणाली, आणि लगेच, "फोनवर आई म्हण. गावाकडं आलास तर मावशी."

त्याला हे चाललं. मला नाही चाललं. तिला स्टँडवर सोडून आल्यावर मी त्यावर बराच वेळ बडबडत होतो. तो कापड घडी करून कपाटात ठेवत होता. म्हणाला, "आपण बिरोबाला जाऊ. जोडीनं."

"ते आणि कशाला?"

"मला जायचंय. तुला नुसतं यायचंय."

त्याच्या कुळाचा बिरोबा माळावर आहे. आजूबाजूला झाड नाही. दगडी गाभारा, पुढं पत्र्याचा मंडप, सगळीकडे पिवळं. तिथं पूजेला त्याचा चुलता असतो. सगळे त्यांना तात्या म्हणतात. खांद्यावर घोंगडं, तोंडात पान. माझ्या माणसानं नारळ पुढं केला.

"हे पावणं कोण?" तात्यांनी विचारलं.

"आपलं माणूस हाय, तात्या."

"कुठलं?"

"कोरेगावकडचं."

तात्यांनी माझ्या शर्टाकडे, बूट बाहेर काढलेल्या माझ्या पायांकडे बघितलं. "मराठ्याचं दिसतंय," ते म्हणाले. मी मान हलवली. बाहेर एकजण कोकराला पाणी पाजत होता, त्यानंही आमच्याकडे तोंड केलं.

"आमाला जोडीनं पाया पडायचंय," तो म्हणाला. शांतपणे, रोज म्हणावं तसं.

"दोस्त म्हणून?"

"न्हाई."

तात्यांनी चघळायचं थांबवलं. मला वाटलं, आता हे ओरडणार, आणि मला पळायला लागणार, आणि गाडी तर खाली पारापाशी लावलीय. ते गाभाऱ्याकडे बघत राहिले. मग भंडाऱ्याच्या परातीत हात घातला. "पडा," म्हणाले. "त्यो बघंल."

आम्ही दोघं वाकलो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. दगड गार होता. वरून भंडारा पडला, केसांत, मानेवर, कॉलरच्या आत. देव मानत नसलेल्या माणसाला अशा वेळी काय वाटायला पाहिजे ते मला ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांत भंडारा गेला होता, एवढं खरं.

बाहेर मंडपात त्यानं घरून आणलेली शिदोरी सोडली. तात्यांसाठी वेगळं ताट वाढलं. तात्या आले नाहीत. आम्ही थांबलो. ते लांब कोकरापाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

"जेवायला का नाही येत ते?" मी विचारलं.

"उपास असंल."

"आज कसला उपास?"

वाढलेलं ताट झाकून त्यानं गाभाऱ्याच्या पायरीवर ठेवलं आणि आमची भाकरी मोडली. तात्यांनी आम्हाला घेतलं होतं की नव्हतं? पाया पडू दिलं, पण ताटाला येत नव्हते. मी त्याला तेच विचारत राहिलो, माळ उतरताना, गाडीवर, वडूज येईपर्यंत. शेवटी तो म्हणाला, "मी तात्याच्या पाया पडाय गेलो न्हवतो," आणि वडूजच्या स्टँडवर मिरजेची गाडी धरून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची ड्यूटी होती.

मी तसाच गावी गेलो, जवळच होतं म्हणून. दिवस मावळायच्या आत पोचलो. आई दळणाला गेली होती. आबा गोठ्यापुढं विळ्याला धार लावत बसले होते. त्यांनी मान वर केली. मी वाटेत तोंड धुतलं होतं, पण हळद निघत नाही. शर्टाची कॉलर पिवळी झाली होती.

"कुठं गेला हुतास?"

"बिरोबाला."

त्यांचा हात थांबला. आमच्याकडे कुणी बिरोबाला जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"एकलाच?"

"नाही. दोघं होतो."

विळा दगडावर पुन्हा फिरायला लागला. एकदा, दोनदा. आबांनी धार अंगठ्यावर बघितली.

"वैरण काढायची हाय," ते म्हणाले. "शर्ट बदलून ये. आन कडबा वरचा काढ, खालचा भिजलाय."